नाकाच्या शेंड्याला बोट

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन सोडून पत्र का, तर फोनवर तू दोन वाक्यं बोलून रडतेस, आई पुढची दोन बोलून रडते, आणि तुझी लेक भुंगी नुसता श्वास सोडते. त्यात बातमी काय डोंबल कळणार? माझ्या अक्षराला हसायचं तेवढं आत्ताच हसून घे. सातवीत मी दोन वर्षं काढली ती बाक आवडला म्हणून, अक्षर सुधारायला नव्हे.

भुंगीला जूनमध्ये पहिलीत कुठे घालायचं ते बघून कळव, असं तू परिचारिकेच्या शिक्षणाला जाताना सांगून गेलीस. बघितलं. आणि असं बघितलं की विचारू नकोस. झालं काय, शहरातल्या सगळ्या सरकारी प्राथमिक शाळांच्या फुटक्या काचा बदलायचं काम आमच्या उस्तादांना मिळालं. म्हणजे काच कापायची हिरकणी उस्तादांच्या हातात आणि शिडी माझ्या पायाखाली. बाकीचे पालक फाटकातून डोकावतात, मी वरच्या मजल्याच्या खिडकीतून आत बघतो. कुणी हटकलं तर हातात काच बसवायच्या पुट्टीचा गोळा असतोच.

मला आधी वाटायचं शाळा म्हणजे शाळा. घंटा, फळा, छडी. पण इथे किती तऱ्हा आहेत! एक निवड शाळा. तिथे चाचणी देऊन हुशार पोरंच घेतात. पुस्तकं छतापर्यंत, पहिलीच्या वर्गात सूक्ष्मदर्शक, आणि पोरं रांगेत अशी चालतात की मीसुद्धा शिडीवर सरळ उभा राहिलो. काच एकच फुटली होती, तीही कबुतरानं फोडली. दुसरी विषयशाळा. तिथे विज्ञान नाहीतर गाणं-वाजवणं जास्त, पण जागा सोडतीनं. पिंपात चिठ्ठ्या घालून काढतात, नशिबात असेल तर वाजवा. मग द्विभाषी शाळा. सकाळी एका भाषेत शिकवतात, दुपारी दुसऱ्या. दोन पोरांचं भांडण बघितलं, एका भाषेतल्या शिव्या संपल्यावर त्यांनी दुसरी भाषा काढली. शिकणं वाया जात नाही म्हणतात ते असं. मिश्र वर्गांची शाळा पण आहे, एका खोलीत तीन इयत्ता, मोठी पोरं धाकट्यांना शिकवतात. मी तिथे असतो तर धाकट्यांचं काय झालं असतं, याचा विचार करून गप बसलो.

आणि शेवटची आपली धोबीदुकानामागची गल्ली शाळा. कागदावर तिला परिसर शाळा म्हणतात. चाचणी नाही, सोडत नाही, जवळ राहतो तो आपला. काचा बघशील तर अर्ध्या फुटक्या, अर्ध्या खालून मळलेल्या. उस्ताद म्हणाले की खालच्या काचांवर गोल गोल डाग कसले ते बघ जरा. बघितलं. नाकाचे ठसे होते, ताई! पोरं काचेला नाक लावून बाहेर बघतात. पुसून पुसून हात दुखले. निवड शाळेत एकाही काचेवर नाक सापडलं नाही.

भुंगीचं तुला ठाऊकच आहे. घरात दिवसभर भुणभुण, उंबरा ओलांडला की तोंडाला कुलूप. तू गेल्यापासून ते कुलूप जरा जास्तच घट्ट झालंय. शेजारच्या काकूंनी नाव विचारलं तर त्यांच्याकडे अशी बघत राहिली की शेवटी काकूच गोंधळून स्वतःचं नाव सांगून गेल्या. म्हणून मी घरात उलटा खेळ काढलाय. नाकाच्या शेंड्याला कुणी बोट लावलं की सगळं उलटं बोलायचं आणि उलटंच वागायचं. टाळी वाजली की सरळ. काल आईनं जेवताना मीठ कमी आहे का विचारलं आणि आम्ही दोघांनी इतकं उलटं सांगितलं की आज भाजी तोंडात धरवत नव्हती. आईनं मला लाटणं दाखवलं. टाळी वाजवून मगच दाखवलं, नियम पाळणारी बाई आहे.

जाता जाता आणखी एक. परवा मी आणि उस्तादांचा पुतण्या रस्त्यातून मोठी काच घेऊन चाललो होतो. म्हणजे हातात काच नव्हती, नुसते हात तसे धरले होते. अख्खा रस्ता बाजूला झाला. एक साहेब तर वाकून खालून गेले आणि वर आम्हाला सांभाळून जा म्हणाले.

शाळा कुठली ते तू ठरव. लोभ आहेच, तो उस्तादांच्या पुट्टीसारखा घट्ट धरून ठेव.

तुझा,
उपद्व्यापी


ता. २१ फेब्रुवारी

चि. उपद्व्याप्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. वसतिगृहाच्या खोलीत मोठ्यांदा हसले, तर शेजारची परिचारिका बघायला आली की हिला झालं काय. साहेबांना वाकायला लावलंस! कधी मार खाशील तेव्हा मलमपट्टी मीच करणार आहे, हे लक्षात ठेव. भाजलेल्या पेशंटांचं काम आता हाताला सवयीचं झालंय. पट्टी काढताना पेशंट ओरडला की मी त्याच्याहून जास्त बोलत सुटते, म्हणजे त्याचं लक्ष उडतं. ही विद्या आईकडून आलीय.

शाळेचं मी ठरवलंय. निवड शाळा. तुला वाटेल ताईला मोठेपणाची हौस. असेल थोडी. पण तू विचार कर, भुंगीला आहे कोण? मी, आई आणि तू. उद्या ती मोठी झाली आणि कुणी तिला मागच्या रांगेत बसवलं तर ती तोंड उघडून माझी जागा पुढे आहे असं सांगणार आहे का? म्हणून तिच्या शाळेचं नावच असं असावं की कुणी तिला मागे बसवू नये. पोरगी तल्लख आहे हे मला माहीत आहे, तुलाही आहे. चाचणीत बोलावं लागत नाही, चित्रावर बोट ठेवायचं असतं, असं मी चौकशी करून घेतलंय. म्हणजे आपल्या मुक्या राणीसाठीच केलेली चाचणी आहे ती.

अर्ज तूच भर, आईला चष्मा लावूनही ते बारीक अक्षर दिसणार नाही. चाचणीला तूच घेऊन जा. आणि हे बघ, त्या दिवशी काही खोडी नको. उलटं नको, सुलटं नको, अदृश्य काचा नकोत. एक दिवस माणसासारखा वाग. माझी शपथ आहे.

आईला नमस्कार सांग, भुंगीचे दोन्ही गाल ओढ. माया आहेच, तुझ्या वागण्यानं ती कमी होऊ नये एवढं बघ.

तुझी,
ताई


ता. १६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चाचणी झाली! आणि शपथ घेऊन सांगतो, मी माणसासारखा वागलो. इतका, की मलाच माझी ओळख पटेना. सदरा इस्त्रीचा, केस पाण्यानं बसवलेले.

चाचणीची खोली निवड शाळेतच होती. आत मूल आणि चाचणीच्या बाई समोरासमोर, बाहेर बाकावर आपण, मध्ये काचेची भिंत. आणि ती काच कुणी बसवली असेल? मी. आदल्याच आठवड्यात. आणि अशी पुसली होती की काच आहे हे कळावं म्हणून शाळेनं तिच्यावर कागदाचं फूल चिकटवलं. आत भुंगी बसली तर वाटावं हात लांब केला की वेणी हाताला येईल. बाजूच्या आयांना मी सांगून टाकलं की काच माझी आहे आणि पोरगी पण आमचीच आहे. एक आई म्हणाली की दोन्ही छान आहेत. ऊर भरून आला.

एकच त्रास झाला. सकाळीच पुट्टी मळली होती आणि तिच्यातली खडूची पूड नाकात गेली होती. सारखी खाज. पण शिंकलो नाही, आत पोरं परीक्षा देताहेत म्हणून नाक दाबून बसलो. बघ, किती सुधारलो.

भुंगीनं पटापट बोटं ठेवली. एकदाही अडखळली नाही. चाचणीच्या बाई मात्र मधून मधून तिच्याकडे बघत होत्या आणि लिहीत होत्या, लिहीत होत्या आणि बघत होत्या.

बाहेर आल्यावर मी विचारलं कसं गेलं, तर म्हणाली की फारच अवघड होतं आणि तिला एकही आलं नाही. मग आइस्क्रीम हवं का विचारलं, तर म्हणे नको, आइस्क्रीम तिला मुळीच आवडत नाही. बिचारी घाबरली असणार. तरी मी घेऊन दिलं, तर कपाच्या तळापर्यंत चाटून खाल्लं आणि घाणेरडं होतं म्हणाली. दिवसभर असंच. संध्याकाळी आईनं खिडकीतल्या कबुतराला टाळी वाजवून हाकललं, तेव्हा कुठे पोरगी ताळ्यावर आली आणि तिची भुणभुण सुरू झाली.

ती काही म्हणो, मी बोटं बघितलीत. निकाल पुढच्या महिन्यात. तू आत्तापासून वसतिगृहात मान ताठ करून चालायला लाग.

लोभ करतेसच, जास्त केलास तरी मी नको म्हणणार नाही.

तुझा,
सुधारलेला


ता. १८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. हातात कात्री वगैरे असेल तर खाली ठेव.

निकाल लागला. भुंगीचं नाव नाही. नुसतं नाही असंही नाही, सगळ्यांत खाली आहे. एकही उत्तर बरोबर नाही. आईनं घासलेलीच भांडी दिवसभर पुन्हा पुन्हा घासली, त्यावरून काय ते तू समजून घे.

मी भुंगीला जवळ घेतलं आणि म्हटलं की जाऊ दे, मामालाही येत नव्हतं. तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली की येडा हा की मी. म्हणाली की तिला सगळं येत होतं, पण मामानंच तर नाकाला बोट लावलं.

ताई, खाज! ती खाज! मी बाकावर बसून नाकाचा शेंडा दाबला आणि पोरीनं माझ्याच काचेतून, माझ्याच पुसलेल्या काचेतून ते बघितलं. तिला वाटलं खेळ सुरू झाला. सगळ्यांत मोठा हत्ती कुठला विचारलं, तिनं सगळ्यांत धाकट्यावर बोट ठेवलं. जड काय, तर पीस. पाण्यात कोण राहतं, तर उंट. आणि टाळी वाजवायला मी विसरलो, कारण खेळ चालू आहे हे मलाच कुठे माहीत होतं? आइस्क्रीम तिला आवडलं होतं म्हणे. खूप.

आयुष्यात एक दिवस खोडी केली नाही आणि तीच सगळ्यांत मोठी निघाली.

दुसऱ्या दिवशी मी चाचणीच्या बाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं हाकलतील. त्यांनी भुंगीची उत्तरं काढून पुन्हा एकदा बघितली. मग चष्मा काढला आणि डोळे पुसले, हसून हसून. म्हणाल्या की त्यांनाही तेव्हाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं होतं, कारण न येणाऱ्या मुलाचं एखादं तरी उत्तर चुकून बरोबर येतं. हिचं सगळं एकजात उलटं, एकही सरळ नाही. पण नियम म्हणजे नियम. चाचणी वर्षातून एकदा. सहामाहीनंतर एखादी जागा रिकामी झाली तर त्या स्वतः फेरचाचणीसाठी शब्द टाकतील. तोवर परिसर शाळा. म्हणजे धोबीदुकानामागची. म्हणजे नाकांची.

काय शिक्षा द्यायची ती दे. लोभाचं या खेपेला मागत नाही, उरला असेल तर तुझ्यापाशीच ठेव.

तुझा,
काय सही करू


ता. २९ एप्रिल

चि. भावास,
आशीर्वाद.

तीन वेळा पत्र लिहायला बसले आणि तीन वेळा फाडलं. पहिल्यात तुला बोलले, दुसऱ्यात नशिबाला, तिसऱ्यात स्वतःला. हे चौथं. वॉर्डात तुझं पत्र वाचताना उंटापाशी मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून जास्तच राग आला.

मी इथे रोज सकाळी उठताना मनात एकच चित्र धरून उठत होते, की भुंगी त्या मोठ्या शाळेच्या पायऱ्या चढतेय. आता ते कुठे ठेवू? त्या गल्ली शाळेत एका वर्गात चाळीस पोरं. आपली पोरगी मागे जाऊन बसेल आणि कुणाला कळणारही नाही की इथे कुणी बसलंय.

मला तुझी शिक्षा ठरवायची नाही. तू एवढंच कर, रोज तिला शाळेत सोड आणि रोज आण. आणि काय दिसतं ते खरं खरं कळव. माझ्या समाधानासाठी गोड करून लिहू नकोस.

सहामाहीनंतरच्या जागेवर माझा डोळा आहे, हेही लक्षात असू दे.

रागातही आहे ती मायाच, तशीच समज.

ताई


ता. ४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जूनपासून तुला तुकड्या तुकड्यांत लिहीत आलो, आज सगळं एकदम आणि खरं खरं. सुरुवातीला तू म्हणालीस तसंच झालं. भुंगी मागे बसली. पहिलीच्या बाई आवाज द्यायच्या, ही पायाचा अंगठा बघायची. मी सोडायला जायचो तेव्हा फाटकापर्यंत भुणभुण आणि आत गेली की कुलूप.

शेवटी मी बाईंना उलट्या खेळाचं सांगितलं. चाचणीचं पण. मला वाटलं आता भुंगीचं नाव खराब होणार. बाई नुसतं हं म्हणाल्या.

तर पंधरा दिवसांमागे ती गोष्ट झाली. गल्ली शाळेची काच पुन्हा फुटली होती, चेंडूनं, सवयीनं. मी बाहेर शिडीवर, आत भुंगीचा वर्ग. बाई फळ्यापुढे आल्या आणि त्यांनी नाकाच्या शेंड्याला बोट लावलं. माझ्या हातातला पुट्टीचा गोळा जवळजवळ सुटलाच. मग म्हणाल्या की आज या वर्गात एकही मूल आलेलं नाही, बाहेर काळोख आहे आणि त्या स्वतः पाच वर्षांच्या आहेत. चाळीस पोरं तोंडं उघडी टाकून बसली. कुणाला काही कळेना. आणि मागच्या रांगेतून, ताई, मागच्या रांगेतून आवाज आला. हो, आणि खिडकीबाहेर आमचा मामा मुळीच नाहीये, आणि तो काच बसवत नाहीये, आणि मला तर काहीच बोलायचं नाहीये!

वर्ग फुटला नुसता. हसून हसून एक पोरगा बाकावरून पडला. सगळी पोरं मागे वळून भुंगीकडे बघायला लागली आणि भुंगीनं मान खाली घातली नाही. बाईंनी तिला पुढे बोलावलं आणि खेळाचे नियम तिलाच सांगायला लावले. सांगितले, खणखणीत. टाळी कशी वाजवायची ते पण. तेव्हापासून शेवटचा तास उलटा. मोठं म्हटलं की लहान, वर म्हटलं की खाली, बेरीज म्हटली की वजाबाकी, पोरं एकमेकांना हरवायला बघतात. शेजारच्या वर्गाच्या बाई पण नाक चोळायला लागल्यात. कप्तान आपली भुंगी.

मी ती काच नेहमीपेक्षा दुप्पट वेळ घासत बसलो. उस्तादांनी खालून ओरडून विचारलं की काच बसवतोयस की लग्न लावतोयस. मी म्हटलं डोळ्यात पुट्टी गेली.

आता तुझी बातमी. चाचणीच्या बाईंनी शब्द पाळला. निवड शाळेत एक जागा झाली, फेरचाचणी झाली. मी बाहेरसुद्धा बसलो नाही, रस्त्याच्या पलीकडे हात खिशात घालून उभा राहिलो. सगळी उत्तरं बरोबर. सगळी, ताई! बाईंनी विचारलेलं तोंडानं पण सांगितलं म्हणे. जागा आपली आहे. या महिनाअखेर हो किंवा नाही कळवायचं.

मी भुंगीला विचारलं, कारण तू नक्की विचारशील की तिला विचारलंस का. नीट बसवून सांगितलं की ती शाळा मोठी आहे, सूक्ष्मदर्शक आहे, आईची फार इच्छा आहे. तिनं नाकाच्या शेंड्याला बोट लावलं आणि म्हणाली की तिला त्या शाळेत जायचंच आहे, गल्ली शाळा तिला मुळीच आवडत नाही, आणि तिथे तिच्याशी कुणी बोलतच नाही. आणि माझ्याकडे बघत बसली, बोट नाकावर तसंच.

टाळी वाजवायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.

ठरवायचं तुला आहे. निवड शाळेनं तिचं वाईट होईल असं मी म्हणणार नाही, चांगली शाळा आहे, काच माझीच आहे तिथे. तू सांगशील तसं. फक्त एक कळवतो. काम संपलं की काच लख्ख पुसून द्यायची, हा उस्तादांचा नियम. त्या दिवशी शिडीवरून उतरायच्या आधी भुंगी आतून आली आणि नव्या काचेला नाक लावून माझ्याकडे बघत राहिली. तेवढा गोल मी पुसला नाही.

लोभ असू दे, आणि उत्तर लवकर येऊ दे, नखं संपत आली.

तुझा,
उपद्व्यापी


ता. १३ नोव्हेंबर

चि. उपद्व्याप्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र नीट वाच. डाव्या हाताचं बोट नाकाच्या शेंड्याला लावून उजव्या हातानं लिहितेय, म्हणून अक्षर तुझ्यासारखं झालंय.

भुंगीला त्या गल्ली शाळेतून ताबडतोब काढ. निवड शाळेला हो कळव, आजच. तुझं पत्र मी एकदाच वाचलं आणि कुणालाच दाखवलं नाही. वॉर्डातल्या एका हात भाजलेल्या आजोबांना तर मुळीच वाचून दाखवलं नाही, आणि ते मागच्या रांगेपाशी हसले नाहीत, मी रडले नाही. पहिलीच्या बाईंना माझा नमस्कार सांगू नकोस. चाचणीच्या बाईंनाही नको.

माझ्या डोळ्यांपुढे अजून त्या मोठ्या शाळेच्या पायऱ्याच आहेत. धोबीदुकान नाही, मळकी काच नाही, तिच्यावरचा गोल तर नाहीच नाही. तो गोल लगेच पुसून टाक.

लेकीचा मला काडीचा अभिमान वाटत नाही. आणि तुझा तर त्याहून नाही. तुझ्यासारखा भाऊ कुणाला मिळू नये.

शिक्षण संपून पुढच्या महिन्यात मी घरी येणार नाही. स्टेशनवर भुंगीला आणू नकोस, मला तिच्याशी काही बोलायचं नाही. आईला सांग माझ्यासाठी काहीही करू नकोस.

लोभ अजिबात नाही, आणि तो मुळीच वाढणार नाही.

तुझी कुणी नसलेली,
ताई

ता. क. घरी येऊन मी दारात उभी राहीपर्यंत कुणी टाळी वाजवायची नाही. ती मीच वाजवणार.